आठवड्याची वही

आठवडा नेमका कोणत्या दिवशी सुरू होतो, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. पण विचारून पाहावा, उत्तरे निरनिराळी मिळतात. कचेरीत किंवा कारखान्यात जाणारा मनुष्य सोमवार म्हणेल. त्याच्या बाजूने आंतरराष्ट्रीय मानकही उभे आहे : १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या मानकाने सोमवार हाच पहिला दिवस धरला आहे. ख्रिस्तसभेची गणना मात्र रविवारपासून होते. लॅटिन उपासनेत सोमवारला 'फेरिया सेकुंदा' म्हणजे दुसरा वार म्हणत, आणि पोर्तुगीज भाषेने तेच नाव उचलून सोमवारला 'सेगुंदा-फेइरा' केले. ग्रहांच्या आणि जुन्या दैवतांच्या नावांनी वार ओळखण्याला सहाव्या शतकातील ब्रागाचे बिशप संत मार्टिन यांचा सक्त विरोध होता. या बदलाचे श्रेय परंपरेने त्यांनाच दिले जाते. आमच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत, दोन शतकांहून अधिक काळ, पोर्तुगीजांचा अंमल होता. तरीही आज आपल्या घराघरांत सोमवार तो सोमवारच आहे, आणि त्याचा धाकही तसाच आहे.

सात दिवसांच्या काळाला आपण मराठीत 'आठवडा' म्हणतो, यातही गंमत आहे. एका बाजाराच्या दिवसापासून पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत दोन्ही टोके धरून मोजले की आठ दिवस भरतात. आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनीही असेच मोजले आणि रविवारला एकाच वेळी पहिला दिवस व आठवा दिवस म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या 'दिएस दोमिनी' या प्रेषितीय पत्रात हा विचार पुन्हा मांडला, आणि प्रभूचा दिवस नुसत्या सुटीत विरघळून जाण्याचा धोकाही दाखवून दिला. रविवार हा सरलेल्या आठवड्याचा शेवट आहे आणि येणाऱ्या आठवड्याचा उंबरठाही आहे. उंबरठ्यावर मनुष्य क्षणभर थांबतो. मागे काय राहिले ते पाहतो, पुढे काय आहे ते पाहतो. आम्हाला ज्या साध्या सवयीविषयी लिहावयाचे आहे ती एवढीच : रविवारी संध्याकाळी घरातल्या सर्वांनी पंधरा मिनिटे एकत्र बसून येणारा आठवडा एका वहीत लिहून काढणे.

'यात काय विशेष?' असे कोणी म्हणेल. विशेष काहीच नाही. परंतु गेल्या काही वर्षांत धर्मग्रामातील घरांना भेटी देताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली. प्रत्येक घरात आठवड्याची यादी असतेच. ती कुठे लिहिलेली नसते, एवढेच. ती घरातल्या बाईच्या डोक्यात असते.

सोमवारी पहाटे कुणाचा डबा किती वाजता निघायला हवा, मुलाच्या गणिताच्या वहीला पुठ्ठा घालावयाचा आहे, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बुधवारी संपतात, गॅसचा नंबर लावावयाचा आहे, गुरुवारी नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला जावयाचे तर इस्त्रीला काय टाकावे, वाडीत पाण्याची मोटर दुरुस्त करणारा कधी येणार, शुक्रवारी क्रूसाची वाट आहे तर संध्याकाळची भाजी आधी चिरून ठेवावी. ही सारी यादी ती माउली लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या मनात घोळवीत असते. वसईहून चर्चगेटपर्यंत सव्वा-दीड तासाचा प्रवास. जाताना आणि येताना तेच. भिंतीवर कालनिर्णय असते. १९७३ साली निघालेल्या या दिनदर्शिकेने जातिधर्म न पाहता साऱ्या महाराष्ट्राच्या भिंती व्यापल्या, आणि आपल्या घरांतही तिच्या चौकोनांत दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिलेली दिसते. ते अक्षरही बहुधा त्याच हाताचे असते. घरातली इतर माणसे कामे करीत नाहीत असे नाही. सांगितले तर करतात. पण 'सांगणे' हेही एक काम आहे, आणि ते कुणाच्याच हिशेबात धरले जात नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील मार्थेवर आम्ही धर्मगुरूंनी प्रवचनांतून पुष्कळ अन्याय केला आहे असे आम्हाला कधीकधी वाटते. मरिया प्रभूच्या चरणांशी बसली आणि मार्था कामात गुंतली, म्हणून मार्था संसारी व मरिया भक्त, अशी सरळ वाटणी करून आम्ही मोकळे होतो. मूळ प्रसंग पुन्हा नीट वाचावा. मार्थेची तक्रार काम फार आहे अशी नव्हती. बहिणीने तिला कामात एकटीला टाकले, ही होती. आणि प्रभूने तिला जी समज दिली ती स्वयंपाकाबद्दल नव्हती, तिच्या मनाची जी अनेक गोष्टींनी ओढाताण चालली होती तिच्याबद्दल होती. ज्या घरातील बाईच्या डोक्यात आठवड्याची सबंध यादी एकटीच्या बळावर फिरत असते, तिला रविवारच्या मिस्सात प्रभूच्या चरणांशी बसता येत नाही. शरीराने ती बाकावर असते. अर्पणगीत चालू असताना तिला आठवते की फ्रीजबाहेर मासळी तशीच राहिली आहे.

यावर तोडगा चर्चच्या जुन्या परंपरेत आहे आणि तो अगदी स्वयंपाकघरातला आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्यातला पस्तिसावा अध्याय स्वयंपाकघराच्या आठवड्याविषयी आहे. स्वयंपाक आणि वाढप ही सेवा मठवासीयांनी एकमेकांची करावी, आजारी किंवा तितक्याच महत्त्वाच्या कामात गुंतलेला वगळता कुणालाही तिच्यातून सुटका नाही, असा दंडक. प्रत्येकाची पाळी एक आठवडा. शनिवारी पाळी संपविणाऱ्याने साफसफाई करावयाची, बंधूंचे हातपाय पुसण्याचे पंचे धुवावयाचे. मग पाळी संपविणारा आणि पाळी सुरू करणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावयाचे. भांडीकुंडी स्वच्छ आणि धड अवस्थेत मठाच्या भांडाऱ्याकडे परत द्यावयाची, आणि भांडाऱ्याने ती नव्या पाळीवाल्याच्या स्वाधीन करावयाची. म्हणजे काय दिले आणि काय परत आले हे त्याला ठाऊक राहील. रविवारी प्रातःप्रार्थना संपताच दोघांनीही प्रार्थनामंदिरात सर्वांपुढे नतमस्तक होऊन प्रार्थनेची याचना करावयाची.

सेमिनरीत असताना हा अध्याय आमच्या अभ्यासात येऊन गेला होता, पण त्या वयात स्वयंपाकघराचे मोल कुणाला कळते? आता वाचताना त्यातल्या दोन बारीक गोष्टींनी आम्ही थक्क होतो. पहिली ही की, जेवणाच्या वेळेपूर्वी पाळीवाल्यांना नेहमीच्या वाट्याव्यतिरिक्त थोडी भाकर आणि पेय द्यावे, म्हणजे वाढताना त्यांच्या तोंडी कुरकुर येणार नाही. उपाशीपोटी इतरांना वाढणाऱ्याची चिडचिड बेनेडिक्टना माहीत होती. दुसरी ही की, जे अशक्त आहेत त्यांना मदतनीस द्यावा, म्हणजे ते ही सेवा खिन्न मनाने करणार नाहीत. अशक्ताला काम देऊच नये असे ते म्हणत नाहीत. काम द्यावे आणि सोबत मदतही द्यावी. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण पुढे येऊ.

तर वही. साधी दोनशे पानी. दर रविवारी एक पान, म्हणजे ती काही वर्षे पुरेल. तिच्यासाठी आम्ही सुचवितो ती वेळ संध्याकाळच्या जपमाळेनंतरची. ज्या घरात जपमाळ उरलेली नाही तिथे जेवणानंतरची. तिथे कदाचित वहीमागून जपमाळही परत येईल, पण त्या आशेने वही सुरू करू नये, वहीसाठीच करावी.

प्रथम लिहावयाचे ते आपल्या हातात नसलेले : कुणाची पाळी केव्हा, परीक्षा, डॉक्टरांची वेळ, बँकेचा हप्ता, वाडीत केळीच्या घडांना आलेली तोड. मग मागच्या पानावरचे राहिलेले पाहावयाचे. इथे आमचा एक आग्रह आहे. राहिलेले सगळेच्या सगळे पुढच्या पानावर ओढून आणू नये. तीन आठवडे जे काम नुसतेच पुढे सरकत आले ते एक तर या आठवड्यात कुणाच्या तरी नावावर चढवावे, नाही तर सरळ काट मारावी. न झालेल्या कामांची शेपटी मागे ओढत नेणारी वही चार महिन्यांत कपाटात जाते. मग प्रत्येक कामापुढे एक नाव. 'कुणीतरी' हे नाव चालणार नाही. आणि सबंध आठवड्यात निदान एक संध्याकाळ कोरी ठेवावी, तिच्या रकान्यात काहीही लिहू नये.

शेवटी एक ओळ घराबाहेरच्या माणसाची. आजारी शेजारी, नुकतीच विधवा झालेली मावशी, वर्षभर न बोललेला चुलतभाऊ. एकच माणूस, एकच भेट. ही ओळ सर्वांत अगोदर गळून पडते असा आमचा अनुभव आहे, म्हणून तिला वारासकट लिहावे.

एवढेच. पानाचे अर्ध्या तासाचे वेळापत्रक करू नये. आमच्या ओळखीचे एक उत्साही गृहस्थ मोबाइलवर तीन रंगांत आठवडा आखतात. तांबडा नोकरीचा, हिरवा घरचा, निळा चर्चचा. आम्हाला त्यांचे कौतुक वाटते, पण त्यांच्या पत्नीला त्या रंगांचा पत्ता नाही. मोबाइल आठवण करून देण्याच्या कामी उत्तम आहे, आम्हीही वापरतो. मात्र तो एकाच्या खिशात असतो. वही जेवणाच्या टेबलावर उघडी असते आणि आठ वर्षांचे मूलही ती वाचू शकते.

या विषयावर एका पालक-सभेत आम्ही बोललो तेव्हा मागच्या बाकावरून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी रास्त शंका काढली होती. "फादर, उद्याची चिंता करू नका असे प्रभूने सांगितले आहे ना? मग ही वही कशाला?" सभेत हशा पिकला. शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू उद्याच्या चिंतेपासून परावृत्त करतो हे खरे, आणि लूकच्या शुभवर्तमानात तोच प्रभू बुरूज बांधू पाहणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करावयास सांगतो हेही खरे. आम्हाला या दोन्हीत विरोध दिसत नाही. चिंता ही न लिहिलेली यादी आहे. रात्री दोन वाजता ती जागी होते आणि आपल्यालाही जागे करते. बसून केलेला हिशेब निराळा. त्यात 'बसणे' या क्रियेला महत्त्व आहे.

धोका दुसऱ्या बाजूलाही आहे. संत याकोब आपल्या पत्रात अशा व्यापाऱ्यांना खडसावतो, जे अमुक नगरात जाऊ, वर्षभर राहू, नफा मिळवू असे बेत खात्रीने सांगतात. आपले आयुष्य क्षणात विरणाऱ्या धुक्यासारखे आहे आणि प्रत्येक बेतामागे 'प्रभूची इच्छा असेल तर' असे म्हणावयास हवे, याची तो आठवण देतो. जुन्या पिढीतले धर्मगुरू पत्रात पुढच्या भेटीची तारीख लिहिली की तिच्यामागे 'डी. व्ही.' ही दोन अक्षरे घालीत. 'देओ व्होलेन्ते', देवाची इच्छा असल्यास. आजच्या तरुण धर्मगुरूंच्या पत्रांत ती दिसत नाहीत. पत्रेच दिसत नाहीत म्हणा.

धर्मगुरूच्या आठवड्याला तर ही दोन अक्षरे जन्माचीच चिकटलेली. सोमवारी आम्हीही पान लिहितो : मिस्साच्या मनीषा, लग्नाच्या चौकशा, धर्मशिक्षकांची बैठक, पहिला शुक्रवार असेल तर ज्या आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद न्यावयाचा त्यांची यादी. आणि मंगळवारी सकाळी चर्चची मरणाची घंटा वाजते. दुपारी चार वाजता प्रेतयात्रा. मग बैठक पुढे जाते, चौकशी पुढे जाते. तरीही पान फुकट गेले असे होत नाही. काय पुढे ढकलले ते आम्हाला ठाऊक असते, म्हणून त्या घरात आम्ही निर्धास्त बसू शकतो. ज्याने काहीच आखले नाही त्याला प्रत्येक हाक सारखीच घाईची वाटते, आणि मयताच्या घरी बसूनही तो घड्याळाकडे पाहतो.

आता एका घराविषयी सांगून थांबतो. नावे सांगण्याचे कारण नाही. पत्नी एका रुग्णालयात परिचारिका. सकाळ, दुपार आणि रात्र अशा फिरत्या पाळ्या. पती खासगी कंपनीत. दोन मुले, आणि पतीचे वृद्ध वडील, ज्यांनी उभे आयुष्य वाडीत घालविले. ड्युटीचा तक्ता दर महिन्याला बदलत असल्यामुळे घरात कायमची धुसफूस असे. 'तू सांगितले नाहीस', 'तुम्ही विचारले नाही', हे दोन संवाद त्या घराच्या भिंतींनी पाठ केले असतील. गोष्ट पुढे इतकी ताणली गेली की दोघे आमच्याकडे आले. नवऱ्याची तक्रार अशी की ही घरी आली की नुसती हुकूम सोडते. बायको बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "फादर, मला हुकूम सोडायची हौस नाही. मी नाही सांगितलं तर त्या घरात सोमवार उजाडणारच नाही."

आम्ही त्यांना बेनेडिक्टच्या भांडाऱ्याची गोष्ट सांगितली आणि वही घेण्यास सुचविले. पहिल्या रविवारी त्यांनी पान लिहिले तेव्हा कामे निघाली एकोणतीस. त्यांतल्या तेवीस कामांपुढे तिचे नाव आले. नवऱ्याने ते आकडे स्वतःच मोजले, आणि आम्हाला येऊन सांगितलेही त्यानेच. त्याला कुणी दोष दिला नव्हता. कागद समोर होता. पाव आणि दूध, मुलाची शिकवणी, विजेचे बिल, रविवारची मासळी अशी कामे हळूहळू इकडून तिकडे सरकली. तिच्या रात्रपाळीच्या आठवड्यात स्वयंपाकघर तो आणि थोरली मुलगी पाहू लागले. पहिले दोन महिने कालवण खारट होत असे, असे धाकटा सांगतो. धुसफूस सगळी गेली असे आम्ही म्हणणार नाही. ती कुठल्याच घरातून जात नाही.

पण या घरातली आमच्या मनात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी वही लिहून झाल्यावर, वडिलांनी ती मागून घेतली. चष्मा लावून पान वरपासून खालपर्यंत वाचले. त्यांचे नाव त्यात तीनदा होते : बाबांच्या गोळ्या, बाबांचे डॉक्टर, बाबांची दाढी. तिन्ही ठिकाणी ते कुणाचे तरी काम होते. "माझ्या नावापुढं काय काम लिवलं नाय," ते म्हणाले. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही आता आराम करायचा." त्यावर ते काही बोलले नाहीत, वही मिटून ठेवली. पुढच्या रविवारी सुनेनेच पहिली ओळ लिहिली : सकाळचा पाव, बाबा.

गेल्या पावसाळ्यात त्यांचे गुडघे फारच धरले. रस्ता शेवाळलेला, बेकरी लांब. म्हणून पावाचे काम नातवाकडे गेले, आणि वाल सोलण्याचे व रात्री दाराची कडी पाहण्याचे त्यांच्याकडे आले. वहीत तसा बाण काढून नोंद आहे. वाल सोलताना समोर बसून धाकटी नात सोललेले दाणे ताटलीत मोजते. तिचे नाव त्यांच्या नावाशेजारी, थोड्या लहान अक्षरात, त्यांनी स्वतः घातले आहे.